गाडी जागेवरून उचलत नाही? मॅन्युअल, रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या लाँचचं समस्या निवारण

माझ्याकडे २०१३ ची टोयोटा जीटी८६ आहे. गेली काही वर्षं मी ती इंग्लंडमधल्या सांता पॉडच्या ड्रॅगस्ट्रिपवर नेते. पॉडिंग्टनच्या जुन्या लष्करी विमानतळावर १९६६ मध्ये सुरू झालेला हा पाव मैलाचा सरळ शर्यतीचा ट्रॅक. तिथे 'रन व्हॉट या ब्रंग'च्या दिवशी आपली रोजची गाडी घेऊन जाता येतं, पळवता येतं आणि वेळ मोजून मिळते. तिथे भेटणाऱ्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांचं दुखणं एकच असतं: गाडी पुढे छान पळते, पण लाँच, म्हणजे जागेवरून जोरात सुटणं, जमत नाही. माझ्या गाडीचं, आमच्या गटातल्या दोन माझदा एमएक्स-५ चं आणि एका बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चं हे दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की तपासणीचा क्रम पाठ झालाय. तोच इथे देते.

हे सगळं फक्त बंद ट्रॅकवर करायचं. सिग्नलला नाही, मध्यरात्रीच्या रिकाम्या हायवेवरही नाही. मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी आडवी व्हायला अर्धा सेकंद पुरतो, आणि रस्त्यावर तिच्यासमोर कोण येईल हे आपल्या हातात नसतं.

लक्षणं

आपल्या गाडीला नक्की काय होतंय ते आधी ओळखा. "सुटत नाही" या एका तक्रारीमागे निदान सहा वेगळी दुखणी असतात.

– टायर जागच्या जागी फिरतात, किंचाळतात, आरपीएमचा काटा वर उडतो आणि गाडी तिथेच.
– याच्या उलट: क्लच सोडताच काटा धपकन दीड-दोन हजारांवर येतो, इंजिन घुसमटतं आणि गाडी रांगायला लागते. टायरचा आवाज अजिबात नाही.
– मागून धडधडधड असे दणके बसतात. मागचा भाग उड्या मारतो, आरशातलं चित्र हलतं.
– काटा चढत जातो, पण टायर ओरडत नाहीत आणि गाडीही त्या मानाने पुढे सरकत नाही. थोड्या वेळाने जळका वास येतो.
– सुरुवात बरी होते आणि मग कुणीतरी गळा धरल्यासारखी ताकद जाते. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकतो.
– पहिला गियर झकास जातो, पण दुसरा पडतच नाही. लिव्हर अडतो किंवा दात घासल्याचा आवाज येतो.

दोन लक्षणं एकत्र दिसली तर जे आधी येतं ते धरा. टायर सुटल्यावर (म्हणजे पकड सोडून जागीच फिरायला लागल्यावर) उड्या सुरू होत असतील, तर मूळ दुखणं टायर सुटण्याचं आहे.

घसरण कुठे होतेय?

पुढच्या सगळ्या तपासण्या या एका प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुटायच्या क्षणी चाकं शून्यावर असतात आणि इंजिन, समजा, ४,००० आरपीएमवर. माझ्या गाडीत पहिल्या गियरचं गुणोत्तर ३.६२६ आणि मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गियरच्या पेटीचं) ४.१. म्हणजे इंजिनचे जवळजवळ पंधरा फेरे झाले की चाकाचा एक. २१५/४५ आर१७ टायरचा घेर साधारण १.९६ मीटर. हिशोब मांडला तर ४,००० आरपीएमला चाकाला ताशी ३२ किलोमीटरने पळायचं असतं. गाडी उभी, आणि इंजिन ३२ च्या घाईत. ही तफावत मिटेपर्यंत कुठेतरी घसरण होणारच. एक तर क्लचप्लेटवर होईल, नाही तर टायर आणि जमिनीच्या मध्ये. दोन्ही ठिकाणी होऊ दिली नाही तर इंजिन खाली ओढलं जातं आणि घुसमटतं. ही घसरण क्लच आणि टायर यांच्यात नीट वाटली गेली की गाडी सुटते. वरचं जवळजवळ प्रत्येक लक्षण म्हणजे घसरण नको त्या जागी किंवा नको त्या वेळी झाली, एवढंच.

टायर तरी किती पेलणार? जीटी८६ चं साधारण ५३ टक्के वजन पुढे आणि ४७ टक्के मागे असतं. गाडी जोरात सुटली की भार मागे सरकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटरच्या आसपास आणि व्हीलबेस २,५७० मिलिमीटर धरून, कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणांक १ मानला, तर मागची दोन चाकं जास्तीत जास्त ०.५७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.५७ पट) इतकं त्वरण देऊ शकतात. इंजिनचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटर. वाटेतली गळती वजा केली तरी पहिल्या गियरमध्ये तो ०.६ जीच्या थोडा वर जातो. म्हणजे ही गाडी पकडीच्या अगदी काठावर उभी आहे. रेस जरा जास्त झाली की टायर सुटतात, जरा कमी पडली की इंजिन बसतं. त्यात या दोन लिटरच्या इंजिनच्या टॉर्कमध्ये साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान एक खळगा आहे. काटा त्यात पडला की गाडी उचलतच नाही. नंतरच्या २.४ लिटरच्या जीआर८६ मध्ये २५० न्यूटन-मीटर ३,७०० आरपीएमलाच हाताशी येतात, त्यामुळे तिला इतकी रेस लागत नाही. ई४६ एम३ मध्ये ३६५ न्यूटन-मीटर आहेत. ती घुसमटते क्वचित, टायर मात्र सहज सोडते. दुसऱ्याच्या गाडीचा आरपीएमचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही तो यामुळे.

तपासणी १: वेळेची चिठ्ठी आणि मोबाइलचा कॅमेरा

यात पैसे लागत नाहीत, तरी निम्मे लोक हे करत नाहीत. धाव संपल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवर सगळ्यांची नजर शेवटच्या आकड्याकडे जाते. तुम्ही ६० फुटांचा आकडा बघा, म्हणजे पहिल्या १८.३ मीटरची वेळ. वरच्या ०.५७ जीच्या हिशोबाने माझ्या गाडीला २.२ सेकंदांच्या आसपास वेळ मिळायला हवी, आणि नीट सुटली की तेवढीच मिळते. २.५ किंवा २.६ दिसले तर दुखणं लाँचमध्येच आहे. ६० फुटांची वेळ बरी असून पुढे वेळ जात असेल तर लाँचला हात लावू नका. तिथे गियर बदलणं किंवा इंजिन तपासायचं. रिॲक्शन टाइम वेगळा असतो. तो तुमच्या डोळ्याचा आणि पायाचा, गाडीच्या वेळेत धरत नाहीत. गाडीची वेळ पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर, म्हणजे गाडी थोडी सरकल्यावर सुरू होते; वरच्या २.२ मध्ये ते धरलंय.

मग एखाद्या मित्राला, मार्शल परवानगी देतील तिथून, मागच्या चाकाचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा. चाक किती फेरे जागेवर फिरलं, टायरच्या बाजूला सुरकुती पडते का, चाक आणि मडगार्डमधली फट उघडझाप करते का, हे गाडीत बसून कधीच कळत नाही. पहिल्या क्षणी टायर जमिनीपेक्षा थोडा जास्त वेगाने फिरताना दिसला पाहिजे. थोडासाच.

तपासणी २: पायाखालची मॅट आणि सीट

क्लच पेडल हाताने तळापर्यंत दाबा आणि खाली काय आहे ते बघा. माझा दुसरा गियर सात हजारांवर पडत नव्हता, म्हणून एका गॅरेजने क्लच बदलायला सांगितला. मी बदलला. पैसे गेले, दोन आठवडे गाडी गेली आणि दुसरा गियर तसाच अडत राहिला. शेवटी एका पावसाळी संध्याकाळी मी टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घातलं. कापडी मॅटवर हिवाळ्यासाठी टाकलेली जाड रबरी मॅट होती. पेडल अंगठ्याच्या रुंदीइतकं आधीच त्या मॅटवर टेकत होतं. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. सावकाश गियर टाकताना ते जाणवत नाही, पण सात हजारांवर घाईने दुसरा टाकायला गेलं की लगेच जाणवतं. तेव्हापासून कुणाचीही गाडी बघायला गेले की मी आधी मॅट उचलते.

सीटही आत्ताच लावून घ्या. पेडल तळाला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि टाच जमिनीवर टेकलेली हवी. पाय पूर्ण ताणला गेला तर क्लच कमरेतून सोडला जातो, आणि कमरेला बारीक हालचाल जमत नाही. बूट पातळ तळाचे घाला. जाड स्पोर्ट्स शूजमधून हाफ क्लच पायाला कळत नाही.

तपासणी ३: ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाकांची घसरण रोखणारं यंत्र. लाँचमध्ये मुद्दाम थोडी घसरण हवी असते, आणि हे यंत्र नेमकी तीच पकडून इंजिनचा गळा दाबतं. जीटी८६ मध्ये बटण एकदा दाबून सोडलं तर फक्त अर्धं काम होतं. गाडी उभी असताना ते तीन सेकंदांहून जास्त दाबून धरावं लागतं. ई४६ मध्येही दाबून धरायचं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं परत सुरू होतं, म्हणून रांगेत इंजिन बंद केलं असेल तर पुन्हा बघा. ट्रॅक ओला असेल तर हे बटण दाबूच नका, त्या दिवशी घरी जा.

तपासणी ४: टायरमधली हवा, वय आणि ऊब

हवा मोजायचं साधं गेज घ्या आणि ते कायम गाडीत ठेवा. माझ्या गाडीत थंड टायरला ३५ पीएसआय हवा सांगितलेली आहे. ट्रॅकवर मी मागच्या दोन टायरमधली हवा २९-३० पर्यंत उतरवते. हवा कमी झाली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि टायरची बाजू थोडी लवचीक होऊन पहिला हिसका पचवते. पण ४५ प्रोफाइलची बाजू मुळात बुटकी आणि ताठ असते, त्यामुळे फायदा मर्यादितच. दोन धावांत फरक पडला नाही तर पुन्हा ३५ करा. २६ च्या खाली मी कधी जात नाही, कारण मग टायर रिमवर हलायला लागतो. पुढच्या टायरमधल्या हवेला हात लावायचा नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. आठ-नऊ वर्षांच्या टायरची नक्षी पुरेशी दिसत असली तरी रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, नव्या टायरच्या शेजारी फरक लगेच कळतो. या गाडीला कारखान्यातून मिशेलिन प्रायमसी एचपी टायर येत. ते कमी इंधन आणि कमी आवाजासाठी आहेत, पकडीसाठी नाहीत. चांगले रोड टायर घातल्यावर माझी ६० फुटांची वेळ जितकी सुधारली तितकी दुसऱ्या कशानेही सुधारली नाही. तरी मी ते चौथ्या क्रमांकावर ठेवलंय, कारण चारशे-पाचशे पौंड खर्च करण्याआधी मॅट उचलून बघणं स्वस्त पडतं.

थंडीत उन्हाळी टायरचं रबर दगडासारखं होतं. मार्चमधल्या सकाळी पहिली धाव खराब गेली तर काही बदलू नका, दुसरी बघा. रेषेकडे जाताना चाकं थोडी फिरवून टायर पुसून घेता येतात. मात्र पाणी शिंपडलेल्या चौकटीला वळसा घालून जा. तिथलं पाणी नक्षी नसलेल्या ड्रॅग टायरसाठी असतं. आपल्या टायरच्या खाचांमध्ये ते भरतं आणि सुटायच्या रेषेपर्यंत गाडीबरोबर येतं.

तपासणी ५: जमीन

रेषेच्या आसपास रबर बसून काळा झालेला पट्टा असतो. मागची दोन्ही चाकं त्यावर आणा आणि स्टिअरिंग अगदी सरळ ठेवा. दुपारी तो पट्टा चिकट होतो. सकाळी टायर सोडणारी गाडी दुपारी त्याच आरपीएमवर घुसमटते, आणि मालकाला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, पकड वाढलेली असते.

तपासणी ६: डावा पाय

दहापैकी सात-आठ गाड्या इथेच सुधारतात, म्हणून इथे घाई करू नका.

नव्या माणसाची पहिली चूक म्हणजे क्लचवरून पाय एकदम बाजूला काढणं. मग क्लचवर काही घसरण उरतच नाही, सगळी तफावत टायरवर येते. टायर सुटला तर सुटला, नाही सुटला तर तो सगळा धक्का एक्सल, डिफरन्शियल आणि गियरबॉक्सला. दुसरी चूक याच्या उलट: भीतीपोटी क्लच सावकाश सोडत राहायचं आणि उजव्या पायाने रेस देत राहायची. मग सगळी घसरण प्लेटवर होते आणि प्लेट जळते.

पायाची हालचाल तीन टप्प्यांची आहे. तळापासून पकड सुरू होते त्या बिंदूपर्यंत पाय झटकन वर यायला हवा, कारण तेवढ्या अंतरात काही घडत नसतं. त्या बिंदूवर पाय थांबतो. साधारण सेकंद-दीड सेकंद तिथेच, टाच जमिनीवर घट्ट, फक्त पंजा किंचित वर येत राहतो. गाडी काट्याला गाठते तेव्हा इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग एकमेकांत मिसळल्याचं कळतं. मग पाय पूर्ण सोडायचा. उजवा पाय या सगळ्या वेळात काटा पडू देत नाही. क्लच पकडायला लागला की उजवा पाय आणखी खाली जायला सुरुवात करतो.

गाडी शिकताना बाबांनी मला कसारा घाटात चढावर उभं केलं होतं. मागे ट्रक, हँडब्रेकला हात लावायचा नाही, आणि गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची. मागे एक इंचही नाही, पुढे एक इंचही नाही. पायाला त्या दिवशी जे कळलं तेच मी इथे वापरते. ज्यांना पकडीचा बिंदू सापडत नाही त्यांनी रिकाम्या पार्किंगमध्ये, रेस न देता, फक्त क्लच सोडून गाडी हलवायचा सराव करावा. पंधरा-वीस वेळा. याने क्लच झिजत नाही, आणि तो बिंदू कुठे आहे ते पायात बसतं.

आता आरपीएम. ३,५०० वर सुरुवात करा. काटा पडून गाडी घुसमटली तर ५०० वाढवा. टायर सुटले तर आधी पाय सुधारा, आरपीएम नंतर. आमच्या गटातला एक सोलापूरचा मुलगा टायर सुटले की दर वेळी रेस कमी करत दोन हजारांवर आला होता, आणि तिथे गाडी घुसमटायला लागली.

"ताई, आता खाली कुठे जाऊ?"

"खाली नाही, वर जा. चार हजार धर. पण पाय पकडीवर थांबव. मनात 'एक हजार एक' म्हण, मग सोड."

तिसऱ्या धावेला त्याचे ६० फूट २.६ वरून २.३ वर आले. गाडीत काहीच बदललं नव्हतं.

एका धावेत एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा: आरपीएम, हवा, ऊन, ६० फुटांची वेळ. मी चिठ्ठीच्या मागेच लिहिते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि संध्याकाळपर्यंत डोकं गरगरतं.

आणखी एक. वजन कमी करायचं म्हणून लोक डिकी रिकामी करतात. शेवटच्या वेगासाठी ते बरोबर आहे, पण सुटताना मागच्या चाकांवरचा भार उपयोगी पडतो. घट्ट बांधलेलं स्टेपनीचं चाक काढायची घाई करू नका. सुटं सामान मात्र नक्की काढा.

तपासणी ७: क्लचचं ऑइल

पेडल नरम लागतं, पकडीचा बिंदू रोज बदलतो, किंवा पाचव्या-सहाव्या धावेनंतर पेडल तळाशी चिकटून हळूहळू वर येतं. असं काही असेल तर पाइपात हवा आहे किंवा ऑइल जुनं झालं आहे. बाटलीतलं ऑइल मधाच्या रंगाऐवजी चहासारखं काळपट दिसतं. एअर काढून नवं ऑइल भरायला दोन माणसं, अर्धा तास आणि दहा-पंधरा पौंड लागतात. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच वापरा. ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोडवतं, लगेच पाण्याने धुवा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच बाटलीतून ऑइल घेतात. ती पातळी खाली गेलेली दिसली तर ऑइल वर भरून विषय संपवू नका, गळती शोधा.

ई४६ वाल्यांसाठी: त्या गाडीच्या क्लचच्या पाइपात क्लच डिले व्हॉल्व्ह नावाचा एक बारीक छिद्राचा तुकडा असतो. तुम्ही पाय कितीही झटकन उचलला तरी तो क्लचला सावकाशच पकडू देतो. रोजच्या वापरात झटके बसू नयेत म्हणून तो बसवलेला आहे. लाँचमध्ये मात्र तुमचा पाय एक सांगतो आणि क्लच दुसरंच करतो. आमच्या एम३ मधून तो काढला तेव्हा मालकाला पहिल्यांदा पकडीचा बिंदू पायाला कळला. तो काढल्यावर क्लचचं ऑइल पुन्हा ब्लीड करावंच (एअर काढावीच) लागतं.

तपासणी ८: क्लचप्लेट

चौथ्या गियरमध्ये ताशी ६० वर, काटा अडीच हजारांच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबरीने चढले पाहिजेत. काटा एकटाच उडाला तर प्लेट घसरतेय, आणि पायाच्या कितीही सरावाने ती सुधारणार नाही. जागा मोकळी आणि सरळ हवी. एकदाच करा, घसरली की पाय काढा.

एका लाँचमध्ये प्लेटवर किती उष्णता येते याचा अंदाज देते. चालकासह १,३२५ किलोची गाडी ताशी ३२ पर्यंत क्लचच्या घसरणीवर न्यायची तर साधारण ५० किलोज्यूल उष्णता प्लेटवर येते, तीही दीड सेकंदात. म्हणजे हजार वॅटच्या तीसेक इस्त्र्या एकाच वेळी त्या प्लेटवर टेकवल्यासारखं. म्हणून दोन धावांमध्ये निदान पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. रांगेत गाडी हाफ क्लचवर सरकवू नका आणि उभं असताना न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढा. एकदा हलका वास आला तर थांबून थंड होऊ द्या. थंड झाल्यावरही घसरत असेल तर प्लेट चकाकली आहे, म्हणजे तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय. त्यापुढचं काम गियरबॉक्स उतरवायचं आहे, ते घरी करू नका.

तपासणी ९: बुश आणि माऊंटिंग

उड्या मारणाऱ्या गाडीचं दुखणं इथे असतं. टायर पकडतो, रबरी बुश (सांध्यांमधला रबराचा तुकडा) पिळला जातो, ताण वाढतो, टायर सुटतो, बुश उलटा उसळतो आणि टायर पुन्हा पकडतो. सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी एक्सलवर हातोडा पडतो. उडी सुरू झाली की ॲक्सिलरेटर सोडा, त्याच क्षणी. धाव वाया गेली तरी चालेल. उड्या मारत पुढे रेटलेल्या गाडीचा एक्सलचा सांधा तुटलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तुटलेला शाफ्ट खाली गरगरत होता, शेजारचा ब्रेकचा पाइप थोडक्यात वाचला.

आधी हवा आणि क्लचचा पाय सुधारून बघा. निम्म्या गाड्यांच्या उड्या तेवढ्यानेच जातात. राहिल्याच तर गाडी सपाट जागी जॅकने उचला, स्टँडवर ठेवा आणि मगच खाली जा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. डिफरन्शियलचे बुश, मागच्या आर्मचे बुश, इंजिन आणि गियरबॉक्सची माऊंटिंग बघा. रबराला चिरा, सुटलेलं रबर, किंवा पहारीने हलकं ढकलल्यावर खट्ट आवाज असेल तर तो बुश गेलाय. बीएमडब्ल्यूत गियरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टला जोडलेली रबरी चकती असते, तिच्या बोल्टांभोवतीच्या चिरा बघायला विसरू नका.

ई४६ च्या मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) बोल्ट जिथे बॉडीच्या पत्र्याला धरतात तिथे पत्रा तडकतो. हा या मॉडेलचा ओळखीचा दोष आहे, आणि लाँचच्या धक्क्याने तो वाढतो. तडा दिसला तर त्या गाडीवर एकही लाँच करू नका. पत्रा वेल्ड करून त्याला आधाराच्या पट्ट्या लावणाऱ्या जाणकाराकडे न्या.

तपासणी १०: डिफरन्शियल

सुटल्यावर मागे वळून काळे पट्टे मोजा. दोन पट्टे सारखे असतील तर ठीक. एकच असेल तर एकच चाक फिरतंय, दुसरं नुसतं बसलंय. जीटी८६ मधल्या टॉर्सन डिफरन्शियलला दोन्ही चाकांवर थोडा तरी भार लागतो. एक चाक ओल्या किंवा गुळगुळीत जागी असलं की तो काही करू शकत नाही. म्हणून पहिल्यांदा जागा बदलून पुन्हा बघा. कोरड्या, सारख्या जमिनीवरही एकच पट्टा येत असेल, किंवा वेगात मागून रडल्यासारखा आवाज येत असेल, तर पुढचं काम ट्रान्समिशनच्या माणसाचं.

कधी थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी आणखी धाव नाही:

ब्रेकचं पेडल नरम लागणं. क्लचचं पेडल तळाला जाऊन वर न येणं. थंड झाल्यावरही जळका वास राहणं. गाडीखाली नवं ऑइल. सुटताना धातूवर धातू आपटल्यासारखा एकच मोठा आवाज. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होणं आणि सोडल्यावर थांबणं, म्हणजे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग गेलंय. वेगात मागून थरथर. इंजिनचा दिवा लुकलुकणं.

ब्रेक किंवा क्लचच्या पेडलची तक्रार असेल, किंवा खाली काही लोंबतंय असं दिसलं, तर गाडी चालवत घरी नेऊ नका. टोइंगचे पैसे द्या. बाकीच्या गोष्टींसाठी गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचंच काम करणारा मेकॅनिक शोधा. त्याला "क्लच बदला" असं सांगू नका. लक्षण सांगा, व्हिडिओ दाखवा, चिठ्ठ्या दाखवा, आणि तुम्ही काय काय तपासलंय ते सांगा. नाही तर तो तुम्ही सांगितलेला भाग बदलेल आणि दुखणं तसंच राहील. गियरबॉक्स खाली येणारच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या आणि फ्लायव्हीलची अवस्था विचारा. मजुरी सगळी उतरवण्या-चढवण्याची असते. ती दोनदा भरू नका.

गेटबाहेर पडण्याआधी तीन कामं. मागच्या टायरमध्ये पुन्हा ३५ हवा भरा. बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत ठेवला तर रांगेत थांबावं लागत नाही. चाकांचे नट टॉर्क पान्याने बघा, माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर. आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू झालंय ना, दिवा गेलाय ना, ते बघून मगच रस्त्याला लागा.